बिनलगामाची घोडी: रिंगणापासून गुरांपर्यंत

नागपूरजवळ काटोल रोडच्या आतल्या बाजूला आमचं शेत आहे. सकाळी गुरं सोडायच्या वेळी कुणी ना कुणी मोटरसायकल थांबवून बघत उभं राहतं. घोडीच्या तोंडात काही नाही, डोक्यावर काही नाही, गळ्यात फक्त एक दोर, आणि ती गाय वळवून राहिली आहे. मग फाटकाशी येऊन प्रश्न येतो, "भाऊ, हे शिकवाले किती दिवस लागते?" मी सांगतो, दोन हिवाळे. त्यातला बहुतेक वेळ लगाम घालूनच गेला, असं म्हटलं की निम्मे लोक मोटरसायकलला किक मारतात.

उरलेल्या निम्म्यांसाठी हे लिहितो आहे. एक अट आधीच सांगून ठेवतो: घोड्यावर बसायला शिकत असाल त्याच वर्षी या वाटेला जाऊ नका. दुडकीत (ट्रॉट) आणि कँटरमध्ये, म्हणजे सावकाश दौडीत, रिकिबीतून पाय काढूनही तुम्ही हाताचा आधार न घेता बसू शकत असाल, तरच पुढचं वाचून उपयोग आहे.

अमेरिकेत गुरांच्या मोठमोठ्या फार्मना रँच म्हणतात. तिथला घोडा दिवसभर गुरांमागे राबतो: कळपातून एक गाय वेगळी काढणं, फाटकाशी स्थिर उभं राहणं, वासरू अडवणं. आमच्याकडे रँच नाही. चौदा गवळाऊ गायी, पाच म्हशी आणि संत्र्याची बाग एवढाच पसारा. पण गाय बागेत शिरली की तिला बाहेर काढायचं काम तिथलं आणि इथलं सारखंच.

लगामाशिवाय बसणं ही काही परवाची फॅशन नाही. रोमशी लढणारा कार्थेजचा सेनापती हॅनिबल, त्याच्या फौजेतले उत्तर आफ्रिकेचे नुमिडियन स्वार इसवी सनपूर्व २१६ मध्ये कॅनीच्या लढाईत लढले, ते लगामाशिवाय घोडी फिरवण्यासाठी प्रसिद्ध होते. रोममध्ये इसवी सन ११३ मधला सम्राट ट्रेजनचा स्तंभ आहे. त्यावर कोरलेल्या मूरिश, म्हणजे उत्तर आफ्रिकेच्याच, स्वारांच्या घोड्यांच्या डोक्यावर लगाम दिसत नाही. आपल्याकडे भोसल्यांच्या नागपुरात बारगिरांच्या उजव्या हातात भाला असायचा, म्हणजे घोडं सांभाळायला उरायचा एक हात आणि मांड, घोड्यावरची पक्की बैठक. मांड हा शब्द आपल्या भाषेत इतका मुरला आहे, तो उगाच नाही.

हल्लीच्या काळातलं सांगायचं तर २००६ साली अमेरिकेत स्टेसी वेस्टफॉल या बाईंनी ना लगाम ना खोगीर, अशा काळ्या घोडीवर रेनिंगची, म्हणजे घोड्याचं धावणं, थांबणं, फिरणं पाहणारी, स्पर्धा गाजवली. ते पाहून पुष्कळांना वाटलं, आपणही उद्या लगाम काढू. त्या घोडीला आधी लगामावर सगळं पक्कं शिकवलेलं होतं, इकडे कुणाचं लक्ष गेलं नाही.

माझी चूक कुठे झाली

आमची घोडी वरातीची. लग्नाचा हंगाम संपल्यावर एका वरातवाल्याकडून घेतली. दिसायला देखणी, बँडला न बुजणारी, पण तोंड दगड. वाद्या, म्हणजे लगामाचे हातातले पट्टे, ओढल्या की ती मान वर करून दुप्पट जोरानं पुढे. घोड्याचे पुढचे दात आणि दाढा यांच्यामध्ये हिरडीची रिकामी जागा असते, लगामाचं लोखंड तिथे बसतं. तिथे हाड अगदी वर, त्यावर पातळ कातडी. आमच्या घोडीच्या त्या जागी बोट फिरवलं तर जुन्या जखमांच्या गाठी लागल्या. तिच्यासोबत मिळालेल्या लगामाला आतून खिळे होते. असा खिळ्यांचा लगाम वापरायला १९६५ च्या ओझ्याच्या जनावरांविषयीच्या नियमांनीच बंदी आहे. तरीही तो मिळतो आणि वापरलाही जातो.

मी काय केलं? खिळ्यांचा काढला, साधा घातला, आणि मीही ओढतच राहिलो. आमचे मोतद्दार काका, घोडीची निगा राखणारे, दोन महिने गप्प बसून पाहत होते. एक दिवस खराऱ्याला चिकटलेले केस झटकत म्हणाले, "काहून ओढून राहिले भाऊ? तुमी ओढता म्हनून ते ओढते."

पुढच्या साऱ्या पायऱ्या या एका वाक्यातून निघाल्या. लगाम सगळ्यात शेवटी काढायचा. त्याआधी तो इतका बिनकामाचा व्हायला पाहिजे, की काढल्यावर घोडीच्या चालीत फरक पडू नये. खाली जे सांगतो आहे ते सगळं लगाम घालून करायचं आहे, एक-दोन पायऱ्यांचा अपवाद सोडून.

सामान आणि जागा

गोल रिंगण हवं. ६० फूट व्यास पुरतो. बल्ल्या आणि बांबूचं, साडेपाच फूट उंच. काटेरी तार अजिबात नको. आपली काळी माती या कामाला वाईट: पावसात खुराला चिकटून नाल उपटते, उन्हाळ्यात भेगा पडतात आणि भेगेत पाय अडकतो. मुरूम टाकून दाबून घ्या आणि वर दोन-तीन इंच वाळू.

गळ्यातला दोर सुती घ्या. नायलॉननं मान भाजते, हातही भाजतात. इतवारीत करंगळीएवढ्या जाडीचा सुती दोर सहज मिळतो. पण नुसता दोर लुळा पडतो. उजवीकडे हात नेला तरी तो मानेला नीट टेकत नाही, आणि घोडीला कळत नाही नेमकं काय हवं. मी बरेच दिवस तिलाच दोष दिला. मग बागेतल्या ड्रिपची १६ मिलिमीटरची जुनी नळी कापून दोर तिच्यातून ओवला, टोकांना कापड गुंडाळलं. दोर कमानीसारखा उभा राहायला लागला, आणि त्याच दिवशी घोडीच्या वळण्यात फरक दिसला. लांबी एवढी ठेवा, की कंबरेतून न वाकता दोर हाती यावा आणि सोडला तर तो मानेच्या बुडाशी, खांद्यांच्या पुढे सैल पडावा. वर नरड्यावर चढता कामा नये, तिथे श्वासनलिका असते.

याशिवाय एक म्होरकी (डोक्यात घालायची, तोंडात लोखंड नसलेली), साधा दोन तुकड्यांचा लगाम, नीट बसणारं खोगीर आणि हेल्मेट. खोगिरासाठी कानपूरचा माल बरा, पण पाठीवर ठेवून पाहिल्याशिवाय घेऊ नका. हेल्मेटवर वाद घालू नका.

सुरुवात करण्याआधी दात आणि पाठ डॉक्टरांकडून तपासून घ्या. सेमिनरी हिल्सवर पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, नागपूरकरांना लांब जायचं कारण नाही. दाढेला धार आली असेल किंवा पाठ दुखत असेल, तर घोडी जे करते त्याला आपण हट्ट म्हणतो.

पहिली पायरी: तुमची मांड

ही पायरी घोडीची नाही, तुमची आहे. कुणीतरी घोडी लांब दोरावर गोल फिरवायची, तुम्ही वर बसायचं, हातात काही नाही. आधी चालीत, मग दुडकीत. डोळे मिटा आणि सांगा, आत्ता कोणता मागचा पाय पुढे पडतो आहे. बैठकीची दोन हाडं खोगिरावर आलटून पालटून दबतात, त्यावरून ते कळतं. कळायला मला बारा दिवस लागले.

काकांनी आणखी एक खोड काढली होती. प्लास्टिकचा मग काठोकाठ पाण्यानं भरून माझ्या हातात द्यायचे आणि दुडकी सुरू. पहिल्या दिवशी चार फेऱ्यांत विजार भिजली, मग रिकामा. हात शरीराबरोबर उसळत असेल, तर उद्या गळ्यातला दोरही तसाच उसळणार आणि घोडीला मिनिटाला शंभर खोटे निरोप जाणार. अर्धा मग शिल्लक राहायला लागला की पुढे चला.

दुसरी पायरी: जमिनीवर

म्होरकी घाला, घोडीसमोर जरा बाजूला उभे राहा. अगदी समोर नको, कारण घोड्याला जवळजवळ चहूकडचं दिसतं, पण कपाळाच्या थेट पुढचं आणि शेपटीच्या थेट मागचं दिसत नाही. छातीवर एक बोट टेकवा, ढकलू नका. थांबा. काही होत नसेल तर जोर हळूहळू वाढवा. ज्या क्षणी तिचं वजन मागे जाईल, पाऊल पडायच्याही आधी, बोट काढा.

ती शिकते ते बोट काढल्यावर. दाबामुळे ती फक्त काहीतरी शोधायला लागते; बोट निघतं तेव्हा तिला उत्तर सापडतं. सेकंदभर उशीर झाला तर तिनं त्या सेकंदात जे केलं, मान झटकली, कान पाडले, ते उत्तर म्हणून लक्षात राहतं. नवशिके इथेच सगळ्यात जास्त चुकतात, आणि दोष येतो घोडीच्या वाट्याला.

हे काही परदेशी शास्त्र नाही. दूध काढायला बसलेली बाई गायीच्या मागच्या पायाला बोट लावून "पाय" म्हणते, गाय पाय मागे घेते, बोट निघतं. डवऱ्याचे बैल पऱ्हाटीच्या (कपाशीच्या) तासात शब्दावर वळतात, कासरा खांद्यावर पडलेला असतो. शेतकऱ्याच्या घरच्या माणसाला हे सगळं माहीत असतं. फक्त घोड्यावर बसला की तो ते विसरतो आणि ओढायला लागतो.

छातीवरून मागे, बरगडीवरून मागचा भाग बाजूला, खांद्यावरून पुढचा भाग बाजूला. या तीन गोष्टी बोटाच्या स्पर्शावर व्हायला हव्यात. रोज वीस-पंचवीस मिनिटं, आठवड्यातून पाच दिवस. जास्त वेळ घेऊ नका.

तिसरी पायरी: थांबणं

वळण्याआधी थांबणं शिकवा. मोतद्दार काका म्हणतात, न वळणारी घोडी कुठेतरी पोचते, न थांबणारी दवाखान्यात पोचवते.

थांबण्याचे तीन निरोप ठरलेल्या क्रमानं द्यायचे. पहिला शरीराचा: श्वास सोडा, पोट सैल करा, घोडीच्या चालीसोबत हलणारी कंबर थांबवा. मागे रेलू नका, जडशीळ व्हा, धान्याचं पोतं व्हा. दुसरा शब्दाचा. तिसरा वाद्यांचा. दोन निरोपांत एकेक सेकंद जाऊ द्या. तिन्ही एकदम दिले तर ती फक्त तिसऱ्याची वाट पाहील, कारण तोच मोठा आहे. क्रमानं दिले तर तिच्या लक्षात येतं की पहिल्यामागून नेहमी तिसरा येतो, आणि तो नको म्हणून ती पहिल्यालाच थांबायला लागते. वाद्या लागल्याच, तर ती थांबताक्षणी सोडा. मग दोन पावलं मागे घ्या, म्हणजे वजन मागच्या पायांवर येतं. मग अर्धा मिनिट काहीही करू नका. मानेवर हात ठेवून उभे राहा.

शब्दाबाबत माझी फजिती ऐका. अमेरिकन लोक थांबवताना "व्हो" म्हणतात, म्हणून मी "हो" ठरवला. लांब ओढून म्हणायला सोपा, घोडीही आठवड्यात शिकली. एका सकाळी दुडकीत असताना फोन वाजला. बायको म्हणाली, येताना सांबार आणा, म्हणजे आपल्या नागपुरी भाषेत कोथिंबीर. मी म्हटलं, "होऽ". घोडी जागेवर थांबली. मी नाही थांबलो. तिच्या नीट थांबण्याचं इतकं कौतुक मला कधी वाटलं नव्हतं, जेवढं त्या एका वेळी वाळूत बसून वाटलं. घोडीवर असताना फोन घेतला हाही गुन्हाच. पण शब्द असा निवडा जो दिवसभर तोंडात नसतो. आता आमचा शब्द "धीरऽऽ" आहे, खालच्या आवाजात. आणि तो फक्त थांबण्यासाठीच. हळू करायला, शांत करायला, लाडात तो वापरायचा नाही.

आधी चालीतून, मग दुडकीतून. कँटरमधून थांबवायला मी दोन महिने घेतले. दहापैकी नऊ वेळा ती श्वासावर थांबली, तर पुढे चला. दहापैकी सात असेल तर अजून आहे तिथेच.

चौथी पायरी: वळणं

इथेही क्रम आहे. आधी जिकडे जायचं तिकडे बघा. नुसते डोळे नाही, बेंबीही तिकडे फिरली पाहिजे. शरीर फिरलं की वजन आणि मांड्या आपोआप बदलतात. मग बाहेरच्या बाजूचा पाय बरगडीला टेकवा. मग दोर: उजवीकडे वळायचं तर दोर मानेच्या डाव्या बाजूला टेकेल. या सगळ्यानंतरही ती वळली नाही, तर उजवी वादी हलकेच बाजूला उघडून वाट दाखवा.

यातली नेहमीची चूक म्हणजे दोर ओढून मान फिरवण्याचा प्रयत्न. डाव्या बाजूचा दोर जोरात उजवीकडे नेला, तर घोडीचं तोंड उलट डावीकडे जातं आणि खांदा मधेच अडतो. दोर टेकवायचा आणि उचलायचा. ओढायचा नाही.

सरावाला मी रिंगणात संत्र्याचे रिकामे क्रेट ठेवले आणि त्यांच्या मधून आठच्या आकड्यात फिरलो. हे कंटाळवाणं काम आहे, पण करावंच लागतं.

पाचवी पायरी: मोजणी

आता एका हातात दोर, दुसऱ्या हातात सैल वाद्या. वीस मिनिटं नेहमीसारखं काम करा आणि वाद्या किती वेळा लागल्या ते मोजा. काकांना कठड्यावर बसवून मी मोजायला लावलं. पहिल्या दिवशी मला वाटलं पाच-सहा वेळा असेल. काकांनी बोटांवरून सांगितलं, एकेचाळीस. मी मान्यच करेना. दुसऱ्या दिवशी पोराला मोबाईलवर व्हिडिओ काढायला सांगितला. अडतीस.

हा आकडा वहीत लिहीत जा. तो उतरतो, मधेच चढतो, पुन्हा उतरतो. दहापर्यंत आला की वाद्यांना गाठ मारून मानेवर टाका आणि हात फक्त दोरावर ठेवा. लागलं तरच वाद्या उचला. सलग दहा दिवस शून्य आला, की सहावी पायरी. नऊ दिवसांनंतर एकदा लागली तर पुन्हा एकपासून. मी हा नियम एकदा मोडला आणि त्याची किंमत पुढे सांगतो.

सहावी पायरी: काढणं

ही सगळ्यात छोटी. रिंगणात, फाटक बंद, जमिनीवर एक जाणता माणूस. लगामाखाली आधीपासूनच म्होरकी असू द्या, तिला एक दोरी बांधून खोगिराला अडकवा. नेहमीचं वीस मिनिटांचं काम करा. घोडी थोडी दमली की उभं करा, लगाम उतरवा, आणि चालीत दोन फेऱ्या मारा. थांबवा. मागे घ्या. उतरा. त्या दिवशी बस. दुडकी दुसऱ्या आठवड्यात, कँटर दुसऱ्या महिन्यात.

म्होरकी पुढे कित्येक महिने राहू द्या. घोडी बिथरली तर गळ्यातल्या दोरानं तुम्ही तिला अडवू शकणार नाही. तिचं वजन तीन-साडेतीनशे किलो, तुमचं सत्तर. अशा वेळी सरळ ओढण्यापेक्षा म्होरकीच्या एका दोरीनं डोकं बाजूला वळवून गोल फिरवा, गोल लहान करत न्या. हे आधी शांतपणे, दोन्ही बाजूंनी, पन्नास वेळा करून ठेवलेलं असावं.

आता ती किंमत. नवव्या दिवशी शून्य झालं म्हणून मी दहाव्याची वाट न पाहता लगाम काढला, आणि दोन आठवड्यांत रिंगणाबाहेर पडलो. बांधावरून चाललो होतो. शेजारच्या गावात कुणाचं तरी लग्न होतं आणि वाऱ्यावरून संदलचा, म्हणजे वरातीतल्या वाजंत्रीचा, ठेका आला. वरातीची घोडी ती! कान टवकारले, मान कमानदार केली आणि तुरीच्या ओळीत नाचायला लागली. श्वास सोडला, "धीरऽऽ" म्हटलं, पोतं झालो. तिला काय त्याचं! नवरदेव वर आहे आणि ठेका चालू आहे, एवढंच तिला कळत होतं. गंमत म्हणजे ती पळाली नाही, चुकली नाही, पूर्वी जे शिकवलं होतं ते मनापासून करत होती. मी म्होरकी पकडून उतरलो आणि पायी घरी आलो. नंतर महिनाभर मोबाईलवर संदल लावून, आधी हळू आवाजात, रिंगणात लगामासकट सगळं पुन्हा केलं. घोडी विकत घेताना ती आधी काय काम करत होती हे विचाराच, म्हणजे कोणता जुना धडा मधेच उगवणार आहे ते कळतं.

सातवी पायरी: गुरं

रिंगणात जे जमतं ते गुरांसमोर अर्धं होतं, म्हणून इथे पुन्हा लगाम घाला. पहिला महिना लगामावर, मग पाचव्या पायरीसारखी मोजणी, मग काढणं.

गायीच्या भोवती एक अदृश्य गोल असतो. त्यात शिरलं की ती हलते, बाहेर आलं की थांबते. तिच्या खांद्याजवळ एक रेघ समजा. घोडी त्या रेघेच्या मागे असेल तर गाय पुढे जाते, रेघेच्या पुढे आली तर गाय थांबते किंवा वळते. गुरं वळवण्याचं सगळं कौशल्य या रेघेच्या पुढे-मागे होण्यात आहे. आरडाओरडा लागत नाही.

मी म्हशींपासून सुरुवात केली, कारण म्हैस सावकाश वळते आणि घोडीला विचार करायला वेळ मिळतो. पण आपल्या नागपुरी म्हशीची शिंगं तलवारीसारखी लांब, मागे खांद्यापर्यंत गेलेली. मान झटकली तर बाजूला चाललेल्या घोडीला लागू शकतात. दोन घोड्यांचं अंतर ठेवा. गवळाऊ गाय वेगळं प्रकरण. हलकी, चपळ, पांढरीशुभ्र आणि जरा भित्री. ती वळली की घोडीलाही झटक्यात वळावं लागतं, आणि तिथे मांड कच्ची असेल तर तुम्ही हवेत. ताज्या वासराच्या गायीजवळ तर जाऊच नका.

एक गोष्ट मात्र मला सुखाची वाटली. कटिंग नावाचा जो अमेरिकन खेळ आहे, ज्याची राष्ट्रीय संघटना १९४६ पासून आहे, त्यात स्वाराला अडीच मिनिटं मिळतात. गाय कळपातून वेगळी काढली की त्यानं वाद्यांचा हात खाली सोडून द्यायचा. पुन्हा लगामानं घोडा वळवला तर गुण जातात. पुढचं काम घोडा स्वतः गायीकडे बघून करतो. आमच्या घोडीचं तसं तिसऱ्या महिन्यात झालं. बागेत शिरलेली एक कालवड डावीकडे पळण्याच्या बेतात होती. मी अजून ठरवतच होतो, तोवर घोडीचा डावा कान तिकडे गेला, मागचे पाय खाली बसले आणि ती आधीच तिथे होती. मला फक्त खोगिराला धरून बसायचं होतं. असं झालं की ताबडतोब थांबवा आणि विश्रांती द्या. हाव धरून लगेच दुसरी गाय घेऊ नका.

बाहेर, ऊन आणि पाऊस

लगामाशिवाय डांबरी रस्त्यावर कधीही जाऊ नका, शंभर मीटरसुद्धा नाही. कुत्रा, ट्रॅक्टर, हॉर्न वाजवणारे पोट्टे, उडालेली पन्नी यांतलं काहीही होऊ शकतं, आणि धडक झाली तर ज्याला लागतं त्यानं तुमच्या प्रयोगाला होकार दिलेला नसतो. शेतातही तुरीच्या किंवा पऱ्हाटीच्या उभ्या पिकाच्या कडेनं जाताना रोही (नीलगाय) किंवा रानडुक्कर अचानक निघेल हे गृहीत धरा.

आपल्याकडे काम खरं होतं ते दिवाळी ते होळी. मार्चनंतर पहाटे साडेपाचला सुरू करून सातला संपवा. ओझ्याच्या जनावरांच्या त्या १९६५ च्या नियमांत ३७ अंशांच्या वर तापमान जाणाऱ्या भागात दुपारी १२ ते ३ काम न घेण्याचं बंधन आहे. नागपूरचा मे ४५ वर जातो, म्हणजे आपल्याला तर चार तास आणखी वाढवून घ्यायला हवेत. विश्रांतीत घोड्याचा ठोका मिनिटाला २८ ते ४४ असतो. जबड्याखालच्या नाडीवर बोट ठेवून मोजायला शिका. काम थांबवून वीस मिनिटांनीही तो ६० च्या वर असेल, तर अंगावर पाणी टाका, सावलीत न्या आणि डॉक्टरांना फोन करा. नवतप्यात, मेअखेरच्या सगळ्यात तापत्या नऊ दिवसांत, आम्ही घोडीवर बसतच नाही. म्होरकी धरून फाटकापर्यंत फिरवून आणतो.

मग पाऊस लागतो, रिंगण चिखलाचं होतं, आणि काम जवळजवळ सप्टेंबरअखेरपर्यंत बंद. दसऱ्याला पहिल्यांदा खोगीर चढवाल तेव्हा तुम्हाला वाटेल, तिला सगळं आठवत असेल. तिला आठवतं, तुमची मांड ढिली झालेली असते. म्हणून लगाम घाला, वही काढा, कठड्यावर कुणाला तरी बसवा आणि मोजा. मागच्या वर्षी आमचा पहिल्या दिवसाचा आकडा सतरा होता, यंदा नऊ. तो सलग दहा दिवस शून्य होईपर्यंत ड्रिपच्या नळीतला दोर खुंटीवरच राहतो.